आठच्या भोंग्यापर्यंत

सिध्या,

परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी अक्षरशः दोनच शब्द बोलून खाली बसलो. 'चांगला होता.' माझ्या आधी तुझ्या फाउंड्रीतले साहेब बोलले, जयंती मंडळाचा अध्यक्ष बोलला, तुझे मामा बोलले. तू किती मनमिळाऊ, किती शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं प्रत्येकानं सांगितलं. तू आणि शांत! मी मान खाली घालून ऐकत होतो. तू शेजारी असतास तर कोपरानं ढोसून विचारलं असतंस, हे नक्की कुणाबद्दल चाललंय म्हणून.

मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. मला कॅसेटींबद्दल बोलायचं होतं. परदेशातल्या कुठल्या तरी पोरांनी आपापल्या घराच्या गॅरेजात वाजवलेली, खरखरणारी, बेसूर गाणी आपण कसबा बावड्यातल्या तुझ्या खोलीत वाकळ टांगून टेप करत होतो, हे मी कुणाला सांगणार? लोकांनी एकमेकांकडं बघितलं असतं. ह्या गावात ते कळणारी दोनच माणसं होती आणि त्यातला एक हार घालून फोटोत बसला होता. म्हणून खाली बसलो. आता इथं बोलतो. तुला ऐकायचं तर ऐक, नाहीतर नेहमीसारखं मधेच तोड.

आपल्याला हा नाद लावला रुआतानं. आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारा, मिझोरामहून इंजिनिअरिंगला आलेला पोरगा. गल्लीत सगळे त्याला पावणं म्हणायचे, तोही त्याच नावाला ओ द्यायचा. त्याचा कुणी चुलतभाऊ अमेरिकेत होता आणि तो त्याला कॅसेटी पाठवायचा. बारावीचं वर्ष होतं. तू माझ्याकडं अकाउंटच्या नोट्स घ्यायला आला होतास आणि वरून तो आवाज आला. गिटार गंजल्यासारखी, ड्रम म्हणजे कुणीतरी पत्र्याची ट्रंक बडवतंय, आणि गाणारा बहुतेक शेजारच्या न्हाणीतून गातोय. मी वैतागून म्हटलं, रोजचं आहे हे. तू मात्र नोट्स तिथंच टाकून जिना चढलास.

तुझं पहिलं वाक्य मला आठवतं. तू जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचास, त्यामुळं तुला वाटलं आपल्यालाच काय ते कळतंय. "आयला, ही तर आपली बेंजो पार्टी हाय की," म्हणालास. "कर्णा फाटला तरी थांबायचं न्हाई." रुआतानं मोडक्या हिंदीत समजावलं की ह्या लोकांकडं स्टुडिओ नसतो, गॅरेजात साध्या टेपावर रेकॉर्ड करतात. पैसे नसतात म्हणून का, असं तू विचारलंस. कधी पैसे नसतात, कधी मुद्दाम करतात, तो म्हणाला. त्या 'मुद्दाम'वर तू बेहद्द खूश झालास. अंगावर जुनाच शर्ट असावा आणि कुणी तरी येऊन तीच आजकालची फॅशन म्हणावं, तसा तुझा चेहरा झाला होता.

मग ती गाणी आपल्याला हवी झाली. सगळी नव्हे, निवडक. आपल्या पसंतीची, आपल्या क्रमानं. कोल्हापुरातच राहत असल्यामुळं अशा निवडक गाण्यांच्या कॅसेटला आपण मिसळ म्हणायचो आणि तिच्यावरून जितके भांडलो तितके सख्खे भाऊ जमिनीच्या बांधावरून भांडत नसतील. पहिलं गाणं दणदणीत पाहिजे, असं माझं म्हणणं. तू म्हणायचास, पावण्याला आल्या आल्या कुणी तिखट वाढत नाही, आधी पाणी देतात. म्हणून तुझी प्रत्येक मिसळ एखाद्या सुस्त, झोपेतून उठल्यासारख्या गाण्यानं सुरू व्हायची. मी तोंड वाकडं करायचो. आज माझ्या कॅफेत मी कुणासाठी सीडी करून देतो तेव्हा पहिलं गाणं तसंच सुस्त घालतो आणि का घातलं हे त्या गिऱ्हाइकाला सांगत नाही.

आपल्याकडं दोन खणांचा टेप नव्हता. एका टेपातून दुसऱ्यात घ्यायला वायर लागते, हे आपल्याला फार उशिरा कळलं. आपली पद्धत अडाण्याची. रुआताचा टेप खाटेवर ठेवायचा, त्याच्या तोंडासमोर तुझ्या वडलांचा, आण्णांचा टू-इन-वन, दोघांच्या खाली वाकळ, खिडकीवर दुसरी वाकळ. इकडं प्ले, तिकडं लाल बटण, आणि गाणं संपेपर्यंत श्वास रोखायचा. बोलायचं नाही. शिंक आली तर उशीत. आमच्या घरी हे जमलं नसतं, खाली रस्ता आणि दिवसभर रिक्षांची पोंपों. तुझी खोली कारखान्याच्या मागं, उसाच्या फडाला लागून, तिथं शांतता. निदान आपल्याला तसं वाटायचं. नंतर ऐकताना कळायचं की गाण्यात तुझ्या आईच्या, मावशींच्या भाकरीची थापथप आलीय, म्हैस ओरडलीय, कुणाची तरी सायकल आपटलीय. एकदा तर मावशींनी दारातून विचारलेलं जसंच्या तसं आलं होतं, "झालं का रं तुमचं, का भाकरी थांबवू?" ते गाणं आपण मुद्दाम ठेवलं. भाकरी तालात होती.

आण्णांचा टू-इन-वन आपण चोरून वापरायचो, कारण आपण त्यांचा एकदा घात केला होता. आण्णा गायन पार्टीत कोरसला उभे राहायचे, ह्याचा त्यांना फार अभिमान. एका कार्यक्रमाची त्यांनी कॅसेट करून घेतली होती आणि कुणी पुसू नये म्हणून तिची वरची प्लास्टिकची खुंटी मोडून ठेवली होती. कागद निघून गेलेली, जुनाट दिसणारी कॅसेट. तू तिला भंगार समजलास, खुंटीच्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावलीस आणि आपण तिच्यावर एका बाजूला मिसळ केली. आण्णांनी रविवारी ती लावली. सुरुवातीला तुझं सुस्त गाणं, मग पत्र्याची ट्रंक. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "माझा आवाज हुता त्यात," आणि पुन्हा टेपाला हात लावायचा नाही एवढं सांगून अंघोळीला गेले. त्या दिवसापासून तुझ्या घरात आपल्या गाण्यांना 'कुत्री भुंकत्यात ती' असं नाव पडलं.

पण नाद तो नाद. आण्णा कारखान्यात पाळीला होते. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या पाळ्या फिरायच्या, आणि ते दुपारच्या पाळीला गेले की संध्याकाळी खोली आपली. म्हणजे आपला हंगामही उसाबरोबर सुरू व्हायचा आणि उसाबरोबर संपायचा. मळीचा वास सुटला की आजही मला कॅसेटचं प्लास्टिक आठवतं. आठला पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा आणि त्या भोंग्यावर तू उडी मारून उठायचास. लाल बटण बंद, कॅसेट माझ्या खिशात, टू-इन-वन फळीवर होता तसा, रेडिओचा काटा आण्णांच्या स्टेशनावर, वाकळ घडी करून कोपऱ्यात. कारखान्याच्या फाटकातून सायकल काढून आण्णा दारात येईपर्यंत आपण अभ्यासाला बसलेले. मावशी सगळं बघायच्या आणि आण्णांपुढं ताट ठेवताना एक अक्षर बोलायच्या नाहीत.

आणि मग ते गाणं. त्याचं नाव आपल्याला कधी कळलं नाही, रुआताच्या कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. आपण त्याला भोंग्याचं गाणं म्हणायचो. रुआताची शेवटची परीक्षा झाली होती, दुसऱ्या दिवशी तो गावी निघणार होता, कॅसेट परत द्यायची होती. आपल्या कॅसेटच्या तुझ्या वाट्याच्या बाजूला शेवटचं गाणं बसवायचं होतं आणि आपल्याला उशीर झाला. सावकाश चालणारं गाणं, एक गिटार आणि एक दमलेला आवाज. मधे एके ठिकाणी तो गाणारा थांबतो. गिटारही थांबल्यासारखी होते. आता आवाज परत येणार, असं वाटत असताना आठचा भोंगा झाला. लांब, जाड, खोली भरून टाकणारा. तो विरता विरता गाणाऱ्यानं एक ओळ म्हटली आणि खट्. तू बटण बंद केलंस. आण्णा येणार होते.

तू त्या संध्याकाळी स्वतःवर फार चिडला होतास. रुआता सकाळच्या गाडीनं गेला, जाताना त्यानं आपला वॉकमन तुला दिला, पण कॅसेटी त्याच्या भावाच्या होत्या, त्या घेऊन गेला. आपल्याकडं राहिलं ते अर्धं गाणं, त्यात भोंगा, आणि पुढं नुसती खरखर.

वर्षं गेली. तू आयटीआय करून शिरोलीला फाउंड्रीत लागलास, मी आमच्या दुकानाच्या जागी झेरॉक्स आणि सायबर कॅफे टाकला. ती कॅसेट आपण किती वाजवली त्याला हिशोब नाही. पन्हाळ्याला तुझ्या मोटरसायकलवरून जाताना एक कान तुझा, एक माझा. ऐकून ऐकून असं झालं की भोंगा त्या गाण्यातलाच वाटायला लागला. गाणारा थांबतो तोच मुळी भोंग्यासाठी. तू तर गाडीवर हँडल सोडून भोंग्याचा आवाज तोंडानं काढायचास आणि मी मागून शिव्या घालायचो.

मग मला ते मूळ गाणं सापडलं. कॅफेत गिऱ्हाईक नसताना मी गाणाऱ्याच्या त्या शेवटच्या ओळीतले कळतील तेवढे शब्द टाकून शोधत बसायचो, आणि एका दुपारी ते निघालं. उतरायला संध्याकाळ झाली. मी हेडफोन घालून ऐकलं. गाणारा थांबला, आणि काहीच झालं नाही. थोड्या वेळानं तो आपला पुढं गायला लागला. दात पडल्यावर जीभ तिथंच तिथंच जाते, तसं मला झालं. तरी मी स्वतःला समजावलं की हे खरं आहे, हे पूर्ण आहे. सीडी केली, वर तुझं नाव घातलं, आणि तुझ्या पाळीच्या आधी तुला नेऊन दिली.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. तुला माहीत नसलेला सगळा शेवट तू पहिल्यांदा ऐकलास, चांगला शेवट होता, गिटार वर जाते आणि सावकाश खाली येते. मला वाटलं, मिठी मारशील. तू हेडफोन काढलास, सीडी परत माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "गाणं झ्याक हाय. पर हे आपलं न्हाय."

तिथून भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचो, अरे मूर्खा, गाणं त्या माणसाचं आहे, भोंगा ही आपली चूक आहे. तू म्हणायचास, त्याच्या गॅरेजात कुत्रं भुंकलं तर ते त्यानं ठेवलं असतं का नाही? ठेवलं असतं. मग आपण आपलं का पुसायचं? मी म्हणायचो, तू अडाणी आहेस. तू म्हणायचास, तू दुकानदार आहेस, तुला सगळं स्वच्छ पुसलेलं लागतं. ह्यात तथ्य होतं म्हणून मला जास्त राग यायचा. मधे मधे आपण महिनाभर बोलायचो नाही, मग कुणाला तरी मिसळ खायची इच्छा व्हायची, खरीखुरी, पाव घेऊन, आणि पुन्हा तेच भांडण नव्या कटाबरोबर.

ह्या दिवाळीत तू माझ्याकडं आलास तेव्हा तुझ्या डोक्यात नवंच खूळ होतं. हंगाम सुरू होऊ दे, म्हणालास, तू तुझी सीडी आणि एक स्पीकर घेऊन ये. गाण्याचा राहिलेला शेवट आपण त्याच कॅसेटवर, त्याच टू-इन-वनवर, खाटेवर ठेवून टेप करू. जिथं खट् होतं तिथून पुढं. मी हसलो. सीडीवरचं गाणं हवेतून कॅसेटवर घ्यायचं म्हणजे नळाचं पाणी घागरीत भरून पुन्हा विहिरीत ओतण्यातला प्रकार. आणि आण्णांचं काय, मी विचारलं. तू म्हणालास, आण्णा आता रिटायर झाल्यात, दिवसभर घरातच असत्यात. त्यांच्यासमोरच करायचं. "आता भोंगा झाला तरी उठायचं न्हाई, पक्या."

मी म्हटलं, मला असले उद्योग नाहीत, कॅफे कोण बघणार. तू हसून गेलास. सिध्या, मी येणार होतो. स्पीकरची पिन खराब होती ती मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली. तू माझं 'नाही' कधी खरं धरलं नाहीस आणि ह्याही वेळी धरलं नसशील, तरी हे तोंडानं सांगायचं राहिलं. ताप काय, उद्या उतरेल, असं तू फोनवर म्हणालास आणि मी ते मात्र खरं धरलं. तू गेल्यावर आठवडाभरात कारखान्याचा हंगाम सुरू झाला, मोळी पडली, धुराडं पेटलं, मळीचा वास आमच्या गल्लीपर्यंत आला.

एकटं पडणं म्हणजे काय ते मला आत्ता कळतंय. घरात माणसं आहेत, कॅफेत गर्दी असते, पोरं गाणी भरून घ्यायला रांग लावतात. पण ड्रम जरा पत्र्यासारखा वाजला की माझी मान आपोआप वळते, आणि तिथं वळण्यासारखं कुणी नाही. भांडायला कुणी नाही. मी जिंकलो म्हणायचं का आता? सीडी माझ्याकडं आहे, स्वच्छ आहे, पूर्ण आहे. तू गेल्यापासून मी ती एकदाही लावलेली नाही.

परवाचं सांगतो आणि थांबतो. मांडव रिकामा झाला. खुर्च्या उचलणारी पोरं गेली. मी मावशींना नमस्कार करून निघालो तर आण्णांनी आतून हाक मारली. तुझ्या खोलीत खाटेवर बसले होते, पुढ्यात कॅसेटींचा खोका. मला वाटलं, घेऊन जा म्हणतील. मी उचलायला वाकलो तर म्हणाले, "त्याचं ते एक लाव. तुमी दोघं लई वाजवायचासा ते."

कुठलं ते मला विचारावं लागलं नाही. फळीवरचा टू-इन-वन खाली घेतला. रेडिओचा काटा अजून त्याच स्टेशनावर होता. कॅसेट पुढं नेऊन गाणं लावलं आणि जमिनीवर बसलो. आण्णांना हे आवडणार नाही, हे मला माहीत होतं. गिटार सुरू झाली, तो दमलेला आवाज सुरू झाला. आण्णा गुडघ्यावर हात ठेवून भिंतीकडं बघत होते, औषध घेताना बघावं तसं. मला लाज वाटायला लागली. बंद करू का, विचारणार होतो.

तेवढ्यात गाणारा थांबला आणि भोंगा झाला.

आण्णांनी झटकन मान वर केली. आधी दाराकडं बघितलं, मग टेपाकडं. मग पुढं वाकले, अगदी कान लावल्यासारखे. भोंगा विरला, ती एक ओळ झाली, खट्.

"आठचा हाय ह्यो," ते म्हणाले. "जुना भोंगा. आता नवा, वायला हाय." मग टेपाकडं बघतच म्हणाले, "म्हंजे तवा मी फाटकात. सायकल काढत असणार." मी हो म्हटलं. "मग म्होरं बंद का केलासा?"

मी खरं ते सांगितलं. तुम्ही यायच्या आत बंद करायचो, म्हटलं.

टेपातून नुसती खरखर येत होती, गाणं संपलेलं होतं. सवयीनं माझा हात बटणाकडं गेला. आण्णांनी तो मनगटापाशी धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आता मी घरातच हाय."

दारात मावशी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही तिघं ती खरखर ऐकत राहिलो. तुझी बाजू संपून टेप आपोआप थांबेपर्यंत. भोंगा होऊन गेला होता, सिध्या, आणि कुणी उठलं नाही.